दोन तृतीयांश, पण कशाचे? (प्राध्यापक परिषदेच्या नियमदुरुस्तीचा घोळ)

नियमावलीग्रस्त

मंडळी, सल्ला हवा आहे. आमच्या विद्यापीठात प्राध्यापक परिषद आहे आणि तिची स्वतःची नियमावली आहे. त्या नियमावलीत दुरुस्ती कशी करायची यावर एकच वाक्य आहे: "या नियमावलीत परिषदेच्या सभेत दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने दुरुस्ती करता येईल." इतकी वर्षं या वाक्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मागच्या सभेत दुरुस्ती आली. अभ्यासक्रम समितीच्या समन्वयकाची मुदत तीन वर्षांवरून दोन करायची, बस. परिषदेचे एकूण सदस्य ९०, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) ४५, हजर ४८. हात वर करून मतदान झालं. बाजूने ३०, विरोधात ९, तटस्थ ९. अध्यक्षांनी "मंजूर" म्हणून पुढचा विषय पुकारला.

सभा सुटल्यावर जिन्यात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी गाठलं. "मंजूर कसा? साठ मतं लागतात." त्यांच्या मागून येणाऱ्या बाई म्हणाल्या, "साठ नाही, बत्तीस." तिसरे गृहस्थ म्हणाले, "सव्वीस पुरतात, उगाच फाटे फोडू नका." तिघांनीही तेच वाक्य वाचलंय. मी नियम उपसमितीचा निमंत्रक, त्यामुळे पुढच्या सभेआधी टिपण मला लिहायचंय. कुणाकडे असं झालंय का?

शून्यशेष

तिघांचंही गणित बरोबर आहे, हीच गंमत. एकूण ९० चे दोन तृतीयांश ६०. हजर ४८ चे ३२. प्रत्यक्ष बाजूने किंवा विरोधात मत दिलेले ३९, त्यांचे २६. तुमची ३० मतं तिसऱ्या अर्थाने आरामात पास आणि पहिल्या दोन्ही अर्थांनी नापास.

तटस्थांचंही बघा. पहिल्या दोन अर्थांत तटस्थ राहणं म्हणजे विरोधातच मत देणं. ज्या नऊ जणांनी "आम्हाला यात पडायचं नाही" म्हणून हात वर केला नाही, ते दुसऱ्या अर्थाने नेमके पडलेच आहेत. त्यातल्या दोघांनी बाजूने हात केला असता तरी बत्तीस भरले असते. आणि पहिल्या अर्थाने तर घरी बसलेले ४२ जणसुद्धा विरोधक.

तळटीप

सभाशास्त्रात याचं उत्तर ठरलेलं आहे, पण ते तुमच्या वाक्याला लागू पडत नाही. हेन्री मार्टिन रॉबर्ट या अमेरिकी लष्करातल्या अभियंत्याने १८७६ साली सभानियमांचं जे पुस्तक काढलं (त्याची बारावी आवृत्ती २०२० ची), त्यात नुसतं "दोन तृतीयांश मतांनी" असं लिहिलं असेल तर ते दिलेल्या मतांचे धरायचे, तटस्थ आणि कोऱ्या चिठ्ठ्या सोडून. "उपस्थित सदस्यांच्या" किंवा "एकूण सदस्यांच्या" असं हवं असेल तर तसं लिहावं लागतं. तुमच्या कलमात "मतांच्या" नाही, "सदस्यांच्या" आहे. त्यामुळे सव्वीसवाल्या गृहस्थांची बाजू लंगडी. पण मागे "सभेत" हा शब्दही आहे, म्हणून बत्तीसवाल्या बाईंना जागा मिळते. "सभेत… सदस्यांच्या" म्हणजे सभेत असलेल्या सदस्यांच्या, असं त्या म्हणू शकतात.

ज्याने हे वाक्य लिहिलं त्याच्या डोक्यात हे तीन आकडे आलेच नसणार. मसुदा लिहिणाऱ्याला सभागृह नेहमी भरलेलंच दिसतं.

गणपूर्ती_कुठंय

भरलेलं सभागृह! 😀 आमच्याकडे गणपूर्तीअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरवतात, तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही म्हणून. एकदा नियमदुरुस्ती अशा सभेत अकरा जणांनी केली. सदस्य किती? विचारू नका.

जुना_सचिव

आयुष्याची बरीच वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिण्यात घालवली आहेत, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली. कलम संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ कोण लावणार? अध्यक्ष निर्णय देतात. तो मान्य नसेल तर सदस्याने तिथल्या तिथे हरकतीचा मुद्दा घ्यायचा, सभेने त्यावर साध्या बहुमताने मत द्यायचं. अर्थ लावण्याचा अधिकार शेवटी सभेचा. तुमच्याकडे जिन्यात घेतलेली हरकत इतिवृत्तात येत नाही, आणि जे इतिवृत्तात नाही ते कुलसचिवांच्या कार्यालयासाठी घडलेलंच नाही. पण एक मेख आहे. सर्वसाधारण कार्यपद्धतीतली चूक असेल तर हरकत लगेच घ्यावी लागते, नंतर ती शिळी होते. मंजूर धरलेला ठराव नियमावलीशीच विसंगत असेल, तर ती चूक चालूच राहते. पुढच्या सभेतही उकरता येते. तेव्हा तुमचे साठवाले सहकारी पुढच्या सभेत उभे राहणार हे गृहीत धरा.

दुसरी. दुरुस्तीची आगाऊ सूचना (नोटीस) कशी दिली होती? नियमदुरुस्ती "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय" या मथळ्याखाली आली असेल तर आकड्यांचा वाद बाजूलाच ठेवा. मी असे ठराव पाहिलेत. विषयपत्रिकेचे अकरा विषय संपतात, लोक पिशव्या आवरू लागतात आणि बाराव्या क्रमांकावर ऐनवेळचा विषय म्हणून आख्खं कलम बदललं जातं.

तिसरी उद्या. हात दुखतो.

नियमावलीग्रस्त

@जुना_सचिव, सर, विषयपत्रिकेत "नियमावलीतील दुरुस्तीबाबत विचार करणे" एवढंच होतं. मजकूर सभेत वाटला.

तळटीप

मग सूचना दिलीच नाही असं म्हणावं लागेल. दुरुस्तीच्या सूचनेत नेमका मजकूर, निदान बदलाचा नेमका आशय आधी पोचायला हवा. कारण सूचना ही गैरहजर सदस्यासाठी असते. समन्वयकाची मुदत तीनवरून दोन होणार हे वाचून एखाद्याने ठरवलं, "ठीक आहे, माझं न येणं चालेल." तो घरी बसला. सभेत कुणी उपसूचना आणली, "दोन नको, पाच करा." आता ती घेता येईल का?

नाही. सूचनेची मर्यादा तीन आणि दोन यांच्यामध्ये आहे. अडीच वर्षं करा अशी उपसूचना चालेल, कारण अडीच या दोन टोकांच्या मध्ये आहे. पाच त्या बाहेर आहे, दीडसुद्धा बाहेर आहे. नाहीतर "दोन" दाखवून लोकांना घरी बसवायचं आणि सभेत "पाच" करायचं, हा रस्ता मोकळाच. नियमावली पूर्णच नव्याने लिहून आणली असेल तर मात्र ही मर्यादा नसते, सगळाच मजकूर चर्चेला खुला असतो.

उपसूचना

माझ्या सदस्यनामाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगते. मूळ दुरुस्तीला दोन तृतीयांश लागतात, पण दुरुस्तीवरच्या उपसूचनेला साधं बहुमत पुरतं. त्यामुळे ज्यांना दुरुस्ती नको असते ते शहाणे लोक विरोधात भाषण करतच नाहीत. एखादी "सुधारणा" सुचवतात, गोड शब्दांत. ती साध्या बहुमताने आत जाते, आणि ती आत गेल्यामुळे मूळ समर्थकांतले काही बिथरतात. शेवटी दोन तृतीयांश भरत नाहीत. नियम कुणी मोडला नाही, दुरुस्ती मेली. मी हे स्वतः एकदा केलंय, आणि त्याबद्दल फारसा पश्चात्ताप नाही. 😇

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितोय. इतकं किचकट कशाला? प्राध्यापकांनी शिकवावं, नियम प्रशासनाने करावेत. समन्वयक दोन वर्षं असला काय नि तीन असला काय.

तळटीप

@वाचनमात्र, प्रश्न रास्त आहे. समन्वयकाच्या मुदतीने आभाळ कोसळत नाही. पण त्याच कलमाने उद्या "अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता लागेल" या वाक्यातला "मान्यता" काढून "सल्ला" घालता येईल. मग?

अमेरिकेत प्राध्यापकांची संघटना, महाविद्यालयं-विद्यापीठांची परिषद आणि नियामक मंडळांची संघटना यांनी मिळून १९६६ साली विद्यापीठ प्रशासनावर एक निवेदन तयार केलं. त्यात अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, संशोधन, प्राध्यापकांच्या नेमणुका-बढत्या यांची प्राथमिक जबाबदारी प्राध्यापकांवर ठेवली आहे. अंतिम अधिकार नियामक मंडळाचा, पण या बाबतीत प्राध्यापकांच्या विरोधात जायचं तर ते अपवादानेच आणि कारणं देऊन. दोन्ही बाजूंनी मिळून मांडलेली अशी वाटणी टिकते ती नियमावलीच्या भाषेवरच.

शून्यशेष

एका शब्दाचं उदाहरण. केंब्रिजमध्ये २०२० साली अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं धोरण आलं. मसुद्यात दुसऱ्यांच्या मतांचा "आदर" राखावा अशा अर्थाचा शब्द होता. काही जण म्हणाले, जे मत मला टाकाऊ वाटतं त्याचा आदर मी का करू, ते "सहन करीन" एवढं म्हणेन. तिथे रीजंट हाउस म्हणजे प्राध्यापक-अधिकाऱ्यांची सभा, आणि तेव्हा २५ सदस्यांनी सह्या केल्या की मतदान घ्यावं लागायचं. सह्या झाल्या, मतदान झालं, "सहन" हा शब्द १३१६ विरुद्ध १६२ मतांनी आत आला. प्रशासनाचा मसुदा सगळ्यांच्या टेबलावरून गेला होता. २५ सह्यांची तरतूद नसती तर तो तसाच मंजूर झाला असता.

गणपूर्ती_कुठंय

आमच्याकडे २५ सह्या मिळवायला २५ माणसं आधी भेटावी लागतात.

जुना_सचिव

तिसरी गोष्ट. नियम स्थगित करणं आणि नियम बदलणं यांत लोक गल्लत करतात. "आजच्यापुरता सूचनेचा नियम बाजूला ठेवू" म्हणतात. कार्यपद्धतीचे किरकोळ नियम तसे बाजूला ठेवता येतात. पण गैरहजर सदस्यांचं रक्षण करणारा नियम हजर असलेल्यांनी एकमताने सोडला तरी सुटत नाही, कारण ज्याचा हक्क आहे तो खोलीतच नाही.

ऑक्सफर्डमध्ये मार्च २०१८ मध्ये निवृत्तिवेतनाच्या वादावर ठराव घ्यायचा होता, पण मुदतीत सूचना गेलेली नव्हती. नियम बाजूला ठेवायचा तर वीस जण हरकतीला उभे राहता कामा नयेत, अशी तरतूद. ते उभे राहिले. बाकीचे बाहेर येऊन उघड्यावर जमले आणि मतं मोजली: ४४२ विरुद्ध २. त्या मतदानाची कायदेशीर किंमत शून्य. तरी दुसऱ्याच दिवशी कुलगुरूंनी विद्यापीठाची भूमिका बदलली. माझ्यासारख्या कारकुनी डोक्याच्या माणसाला दोन्ही बाजू पटतात. नियम पाळला गेला हेही बरं झालं आणि बाहेर मत मोजलं हेही.

चौथी गोष्ट पायरीची. वर कायदा, खाली परिनियम, त्याखाली अध्यादेश आणि विनियम, आणि सगळ्यांत तळाला तुमच्यासारख्या परिषदेची नियमावली. खालच्या पायरीवर नव्वदच्या नव्वद मतं पडली तरी वरच्या पायरीशी विसंगत असेल ते टिकत नाही. समन्वयकाची मुदत परिनियमात कुठे लिहिलेली नाही ना, ते आधी बघा. मी एकदा चार सभा चाललेला वाद असा संपलेला पाहिलाय. परिनियमातच मुदत दिलेली होती, परिषदेला हात लावायचा अधिकारच नव्हता.

नियमावलीग्रस्त

पाहिलं. परिनियमात नाही. हुश्श.

कंत्राटी

एक बोचरा प्रश्न विचारतो. हे ९० "सदस्य" कोण? आमच्या विभागात निम्मे वर्ग आम्ही मानधनावरचे लोक घेतो. परिषदेत आम्हाला बसता येतं, मत नाही. म्हणजे दोन तृतीयांश कशाचे, या प्रश्नाआधी "सदस्य" कोण हा प्रश्न आहे. आणि ते बदलायचं तर दुरुस्ती करावी लागेल. दुरुस्ती कोण करणार? ज्यांना मत आहे ते.

उपसूचना

@कंत्राटी, यावर माझ्याकडे उत्तर नाही. केंब्रिजमध्ये स्त्रियांना पदव्या देण्याचा प्रस्ताव १८९७ साली मोठ्या फरकाने पडला, मत पुरुष पदवीधरांचं होतं. पूर्ण सदस्यत्व मिळायला १९४८ उजाडलं. ज्यांच्या हाती कुलूप त्यांच्याच हाती किल्ली.

कंत्राटी

५१ वर्षं. माझा करार अकरा महिन्यांचा आहे.

शून्यशेष

नियमावलीग्रस्त, रजेवरच्यांचंही ठरवा. एकूण ९० मध्ये दीर्घ रजेवरचे आणि प्रतिनियुक्तीवर गेलेले धरले आहेत का? धरले असतील तर एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांशाची अट दर वर्षी न कळत वर चढते. दहा जण बाहेर असतील तर ८० पैकी ६०, म्हणजे तीन चतुर्थांश.

तळटीप

अट फार कडक झाली तर नियमावली गोठते आणि लोक ती बदलण्याऐवजी वळसा घालायला शिकतात. परिपत्रकं निघतात, "तात्पुरती व्यवस्था" कायमची होते. फार सैल झाली तर दर नव्या अध्यक्षाबरोबर नवं कलम. मला स्वतःला दोन वाचनांची पद्धत आवडते. एका सभेत मजकूर मांडायचा, चर्चा आणि उपसूचना घ्यायच्या. मतदान पुढच्या सभेत, त्या सभेत नवी उपसूचना नाही. मधल्या दिवसांत लोकांचा राग निवतो किंवा वाढतो, दोन्ही उपयोगाचं.

मोठ्या प्रश्नावर सभेबाहेरचं मतदानही असावं. ऑक्सफर्डमध्ये २००६ साली कार्यकारी मंडळात बाहेरच्यांचं बहुमत आणणारा प्रस्ताव सभेत ७३० विरुद्ध ४५६ मतांनी पडला. मग टपाली मतदान झालं, तिथेही १५४० विरुद्ध ९९७ ने पडला. निकाल तोच, पण मत देणारे दुपटीहून जास्त. त्यानंतर "सभेला ठरावीक टोळकंच येतं" असं म्हणायची सोय उरली नाही.

जुना_सचिव

मसुदा लिहिताना अंमल कधीपासून हे विसरू नका. काहीच लिहिलं नाही तर दुरुस्ती मंजूर होताक्षणी लागू होते. आज जो समन्वयक अडीच वर्षं पदावर आहे त्याची मुदत सभेत बसल्या बसल्या संपली, असं होईल. चालू मुदतींना धक्का नाही असं एक वाक्य टाका.

नियमावलीग्रस्त

सगळ्यांचे आभार. टिपणात असं सुचवलंय की मागचा ठराव सूचनेअभावी अवैध धरावा, म्हणजे २६-३२-६० चा वाद त्या ठरावापुरता तरी निघतच नाही. आणि दुरुस्तीचं कलमच नव्याने लिहावं. मसुदा:

"(अ) दुरुस्तीचा प्रस्ताव किमान १० सदस्यांच्या सहीने, जुना आणि नवा मजकूर शेजारी शेजारी देऊन, सभेच्या २१ दिवस आधी सर्व सदस्यांना पाठवावा. (आ) पहिल्या सभेत चर्चा आणि उपसूचना, मतदान पुढील सभेत. (इ) बाजूने व विरोधात पडलेल्या एकूण मतांपैकी किमान दोन तृतीयांश मते बाजूने हवीत, आणि बाजूची मते एकूण सदस्यसंख्येच्या एक तृतीयांशाहून कमी नसावीत. तटस्थ मोजू नयेत. (ई) हे कलम बदलण्यासही हीच पद्धत. (उ) चालू मुदतींवर परिणाम होणार नाही."

शून्यशेष

(ई) घातलंत ते बरं. नाहीतर आधी या कलमावरच सोयीचा अर्थ लावून ते सैल करायचं आणि मग बाकीचं, हा मार्ग राहतो. पण (इ) बघा. ९० चे एक तृतीयांश किती?

नियमावलीग्रस्त

तीस. अरे देवा.

उपसूचना

बरोब्बर मागच्या सभेत पडली तेवढी मतं! साठवाले सहकारी हे वाचून काय म्हणतील, मी कल्पना करू शकते. 😂

नियमावलीग्रस्त

शपथेवर सांगतो, लक्षात आलं नव्हतं. चाळीस टक्के करतो, म्हणजे ३६. आता खरी अडचण: हे नवं कलम मंजूर होणार जुन्याच कलमाखाली. मग कोणता आकडा धरू?

जुना_सचिव

साठ. सगळ्यांत कडक अर्थाने मंजूर करून घ्या, म्हणजे जिन्यातले तिघेही गप्प बसतील. जुन्या कलमात "सभेत" आहे, टपाली मतं चालणार नाहीत. माणसं आणावी लागतील. मतदान हात वर करून नको, नावं पुकारून घ्या आणि इतिवृत्ताला जोडा.

नियमावलीग्रस्त

आठवडाभर फोन करतोय. ५८ जण येतो म्हणाले, त्यात बत्तीसवाल्या बाई आणि साठवाले दोघेही आहेत. उरलेल्यांतले दोघं यायला तयार आहेत, पण त्याच दिवशी त्यांना परीक्षेच्या कामाला बाहेरच्या केंद्रावर जायचंय. तारीख पुढे ढकलली तर सूचना नव्याने काढावी लागेल, पुन्हा २१ दिवस.

जुना_सचिव

ते २१ दिवस तुमच्या नव्या कलमातले आहेत, ते अजून लागू नाही. जुन्यात किती आहेत?

नियमावलीग्रस्त

जुन्यात काहीच नाही.

जुना_सचिव

तरी २१ द्या.